चतुर्दशीचे पान

चि. सानिका, अनेक आशीर्वाद.

परवा स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर तू 'शस्त्रादिहत पितृश्राद्ध' हे शब्द एकेक अक्षर लावून वाचलेस आणि मला त्यांचा अर्थ विचारलास. शस्त्राने, अपघाताने किंवा असेच काही होऊन अवेळी गेलेल्यांचा हा पितृपंधरवड्यातल्या चतुर्दशीचा दिवस, असे मी सांगितले, तेव्हा तू लागोपाठ दोन प्रश्न केलेस. नंदूकाका आपल्या नात्यातला नव्हता, मग त्याचे पान आपण का ठेवतो, हा पहिला. त्याला मी काहीतरी उत्तर दिले. दुसरा मात्र लागला. "अपघातात गेला, ही काय त्याची चूक होती? मग बाकीच्यांपासून त्याला वेगळं का बसवता?" कढईतले वडे उलटण्याचे निमित्त करून मी बोलणे टाळले. समोरासमोर मला हे धड सांगता येणार नाही, म्हणून लिहितो आहे.

हाच प्रश्न मी तुझ्यापेक्षा बराच लहान असताना विचारला होता. आपल्या सांगलीच्या, गावभागातल्या घरी पितृपंधरवड्यात म्हाळ असायचा, तेव्हा पणजोबांच्या नावाचे पान कौलांवर ठेवले जाई आणि शिडी धरण्याचे काम माझ्याकडे असे. शंकरकाकांचे पान मात्र चतुर्दशीला निघायचे आणि ते परसातल्या धुण्याच्या दगडावर ठेवले जायचे. शंकरकाका म्हणजे तुझ्या आजोबांचे थोरले भाऊ. अकराव्या वर्षी कृष्णेत बुडाले, एवढेच तुला ठाऊक आहे, आणि मलाही त्याहून फारसे कोणी सांगितले नाही. त्यांना कौलांवर का नाही, असे मी मोठ्या आईला, म्हणजे माझ्या आजीला, विचारले, तेव्हा ती केळीचे पान पुसत होती. वर न बघता ती म्हणाली, "गर्दीत त्याला कोण वाढणार? पोर ते. मोठी माणसं जेवून उठेपर्यंत दाराशी उभं राहील बिचारं."

याला शास्त्रात आधार असेल, असे मला वाटत नाही. आमच्या भटजींनी सांगितलेले कारण निराळे होते; ते मला तेव्हाही पटले नव्हते आणि तुला तर मुळीच पटणार नाही, म्हणून ते येथे लिहीत नाही. मोठ्या आईने आपले उत्तर त्याच क्षणी रचले होते, की मुलगा गेल्यापासून मनात धरून ठेवले होते, हे विचारायचे मात्र राहून गेले.

आता नंदूविषयी. विलिंग्डन महाविद्यालयात आम्ही तीन वर्षे एका बाकावर बसलो. तो हरिपूरचा, म्हणजे कृष्णा आणि वारणा जेथे मिळतात आणि जमिनीखालच्या पेवांत जेथे हळद साठवीत असत, त्या गावचा. सायकलवरून विश्रामबागेपर्यंत येताना वाटेतल्या झाडांच्या चिंचा खिशात भरून आणायचा आणि प्रात्यक्षिकाच्या तासाला माझ्या वहीवर त्यांचे चिंचोके मांडून ठेवायचा. आमचा डबा एकच असे, म्हणजे डबे दोन पण खाणारा बहुधा तो. फक्त गवारीची भाजी निघाली की तो एकेक शेंग वेचून माझ्या झाकणात टाकायचा. मी त्यावरून भांडायचो. इतक्या क्षुल्लक गोष्टीवरून कोणी भांडते का, असे आज वाटते, पण त्या वयात भांडायला दुसरे होते काय?

आम्ही शेवटच्या वर्षाला असताना किल्लारीचा भूकंप झाला. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट होती. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती आणि विसर्जन करून आलेली माणसे झोपेतच गेली. दुसऱ्या दिवसापासून पितृपंधरवडा लागला. नंदू घरोघरी फिरून चादरी आणि भांडी गोळा करीत होता आणि गावभागातले गाठोडे आपल्या ओटीवर आणून टाकीत होता. एका दुपारी तो मोठ्या आईला म्हणाला, "आजी, हे हजारो लोक आता सगळे चतुर्दशीलाच जेवणार का?" मी चपापलो, कारण घरात असे कोणी बोलत नसे. ती मात्र शांतपणे म्हणाली, "मग यंदा जास्त शिजवू." आणि त्या वर्षी तिने खरोखरच मोठ्या पातेल्यात खीर केली. तेव्हा बाई, तुझा प्रश्न या घरात नवा नाही. नंदूनेही तो विचारला होता आणि त्याला त्याचा अधिकार तुझ्या-माझ्याहून जास्त होता, हे आम्हाला पुढे तीन वर्षांनी कळले.

जानेवारीत, उसाच्या हंगामात, रात्री तासगावकडून येताना त्याची एम-एटी दुचाकी एका बंद पडलेल्या ट्रॅक्टरच्या मागच्या ट्रॉलीवर गेली. मागे दिवा नव्हता, ऊस ट्रॉलीबाहेर हात-दीड हात आलेला होता आणि इशारा म्हणून रस्त्यावर चार दगड मांडलेले होते. हल्ली हंगामाच्या सुरुवातीला ट्रॉल्यांना लाल रिफ्लेक्टर लावतात. पुण्याहून सांगलीला रात्री जाताना मी गाडी इतकी हळू का चालवतो, असे तू एकदा वैतागून विचारले होतेस. तेव्हा मी पुढच्या ट्रॉलीला ते लावले आहेत की नाहीत, हे पाहत होतो.

दहाव्याला आम्ही मित्र हरिपूरच्या संगमावर गेलो. कावळा शिवायला वेळ लागतो, गेलेल्याची काही इच्छा राहिली असेल तर तो जवळ येत नाही, मग कोणीतरी पुढे होऊन 'तुझे अमुक आम्ही करू' असे सांगायचे असते, हे मला ऐकून ठाऊक होते. मी रात्रभर जागून काय काय सांगायचे ते ठरवले होते. त्याच्या धाकट्या बहिणीचे शिक्षण, आईची औषधे, त्याने माझ्याकडून घेतलेले आणि कधीच न परतलेले दोनशे रुपये, ते माफ. पिंड ठेवला आणि लोक मागे सरकतात न सरकतात तोच कावळा आला. सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला, की पोराचे काही राहिले नव्हते. मला मात्र राग आला. चोवीस वर्षांच्या माणसाचे काहीच कसे राहत नाही? निदान मला बोलू तरी द्यायचे होतेस! नंतर घरी मी हे कसेबसे त्याच्या आईजवळ बोललो, तर ती माउली डोळे पुसता पुसता म्हणाली, "अरे, त्याला दम कुठं होता कधी? ताट वाढलं की हात धुवायच्या आधी घास तोंडात."

त्याची तिथी त्याच्या भावांकडे आहे आणि ते ती दरवर्षी करतात. मित्राला तिथी नसते. माझ्या वाट्याला हा चतुर्दशीचा दिवस आला, कारण तो कोणाच्या नावाचा नाही. येथे कॅनडात, मिसिसागाला आल्यावर पहिली काही वर्षे मी तोही सोडून दिला होता. कौल नाही, कावळा वेळेवर येत नाही, गॅलरीत अन्न ठेवले तर शेजारी काय म्हणतील, अशी सगळी कारणे होती. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी सत्तावन्न फुटांवर गेले आणि गावभागातल्या घरात शिरले, तेव्हा आमचा विलिंग्डनमधला फोटो भिजला. फळीवर जो डागाळलेला फोटो तू पाहतेस, तो त्याचाच मोबाईलवर काढलेला. त्या वर्षापासून पुन्हा पान ठेवू लागलो.

वेगळे बसवणे चूक आहे, असे तुला वाटत असेल तर मी वाद घालणार नाही. 'शस्त्रादिहत' हा शब्द मलाही आवडत नाही. नंदूला तो कळला असता तर त्याने त्यावर आठवडाभर नक्कल केली असती. तू हे पुढे करावेस, असेही माझे म्हणणे नाही. मला इतकेच सांगायचे होते, की मी ते पान ठेवतो तेव्हा डोळ्यांपुढे मोठ्या आईचे ते दाराशी उभे राहिलेले पोर असते.

काळ्या खारीने पान उष्टावले, तेव्हा "रंग तरी जुळला" असे मी म्हणालो आणि तुला तो पोरकटपणा वाटला. संध्याकाळी ताटली आत आणायला मीच गेलो होतो. वडे, खीर, भोपळ्याची भाजी, सगळे संपले होते. गवार तेवढी एका कडेला तशीच होती. खारी गवार खात नसाव्यात, याहून त्यात जास्त काही नसेल, पण ती ताटली मी लगेच घासायला टाकली नाही.

तुझा,
बाबा