आधी सोनोग्राफी, मग कालवडीची कांडी

चार गाई आहेत, त्यातली एक उलटणारी (वारंवार रेतन करूनही गाभण न राहणारी), तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात नवीन सोयी आल्यात, तर घरी येणारे खाजगी डॉक्टर सोडून तिकडं जावं का, असं विचारलंय तुम्ही. डॉक्टर सोडू नका. रात्री दोनला वासरू आडवं आलं तर दारात तेच उभे राहणार. पण सोनोग्राफी, रक्ताची तपासणी आणि कालवड होण्यासाठीची लिंगवर्गीकृत रेतमात्रा (मादी वासरू होईल असं निवडलेलं वीर्य, म्हणजेच कालवडीची कांडी), या ज्या तीन सोयी तुम्ही लिहिल्यात, त्यातल्या तिसरीची हवा जास्त झालीय. मी पहिल्या दोन्हींसाठी गाय पिकअपमध्ये घालेन.

माझी एक तिसऱ्या वेताची एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन, विदेशी दुधाळ जात) गाय होती. भरवली (कृत्रिम रेतन केलं), पुढं माज दिसला नाही, म्हणून गाभण धरून चाललो. तीन महिन्यांनी हात घालून तपासली तर खाली, म्हणजे गाभण नाहीच. मुका माज (बाहेरून न दिसणारा) करत होती आणि आम्ही दूध घालायच्या घाईत. दर २१ दिवसांनी एक संधी असते, अशा चार गेल्या. खुराक चालूच होता, दूध उतरत होतं, आणि पुढचं वेत तेवढं लांबलं ते वेगळंच.

सोनोग्राफीत हेच २८-३० दिवसांत कळतं. डॉक्टर पडदा आपल्याकडं वळवून दाखवतात: काळं पाणी, त्यात करडा ठिपका आणि ठिपक्यात लुकलुकणारं काळीज. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी गाय धरायची विसरलो होतो. हाताने तपासायची तर बरेच डॉक्टर दोन महिने थांबायला सांगतात, ते चूक नाही. पण खाली गाय लवकर सापडण्यातच खरी कमाई आहे. बीजांडकोशावर पीतपिंड (माजानंतर तयार होणारी पिवळी गाठ) आहे की पाण्याची गाठ, हेही त्याच वेळी दिसतं आणि इलाज त्यावरून ठरतो. माजावर आणायचं इंजेक्शन तपासल्याशिवाय कुणालाही देऊ देऊ नका. गाय गाभण असली तर गाभडते. आणि महिन्याची गाभण निघाली म्हणून निर्धास्त राहू नका. सुरुवातीचे गर्भ कधीकधी जिरून जातात, साठाव्या दिवसाला पुन्हा बघून घ्या.

रक्ताच्या तपासणीचं महत्त्व पावसाळ्यात कळेल. संकरित गाईला १०५ ताप, खाणं बंद, खांद्यापुढची गाठ सुजलेली, की बहुधा गोचीड ताप. पण गोचीड ताप हा एकच आजार नव्हे. थायलेरिया आणि बबेसिया हे गोचिडातून रक्तात जाणारे दोन वेगळे जंतू; पहिल्याचं औषध वेगळं, दुसऱ्याचं वेगळं (त्यात लघवी कॉफीसारखी होते). कानाच्या शिरेतून थेंबभर रक्त काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं की उलगडा होतो. आमच्याकडं एकदा तीन दिवस नुसतं अँटिबायोटिक चाललं, ताप उतरून परत चढायचा. चौथ्या दिवशी काच तपासली, थायलेरिया निघाला. तोवर दूध निम्म्यावर आलं होतं. अँटिबायोटिक ठोकायच्या आधी काच करून घ्या, नाहीतर जंतू सापडायची शक्यता कमी होते.

आता कालवडीची कांडी. दहातल्या नऊ वेळा कालवड होते हे खरं आहे. पण गाय गाभण राहिली तर ना! साध्या कांडीत साधारण २ कोटी शुक्राणू असतात, हिच्यात २० ते ४० लाख. त्यामुळं गर्भ राहण्याचं प्रमाण कमी पडतं आणि माजाची वेळ चुकवून चालत नाही. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरवायची हा नियम इथं जास्तच पाळायचा. वजनात भरलेली निरोगी कालवड किंवा पहिल्या-दुसऱ्या वेताची गाय असेल तर वापरा. तुमची ती उलटणारी गाय साध्या कांडीनेच भरवा. तिच्यावर ही कांडी म्हणजे पैसे नाल्यात.

फिरत्या दवाखान्याचा १९६२ नंबर गोठ्याच्या भिंतीवर खडूनं लिहून ठेवा. गाय व्यायल्यावर बसली, मान कुशीकडं वळवून पडली, कान थंड लागले, तर तो दुग्धज्वर. गाडी येईपर्यंत दोन्ही बाजूंना पोती लावून तिला छातीवर बसती ठेवा, आणि तोंडातून काही म्हणजे काही पाजू नका. गिळायची ताकद नसते, औषध फुप्फुसात जातं.

दवाखान्यात जाताना भरवल्याची तारीख लिहिलेली वही न्या. डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतात आणि आपण "झाला असंल महिना" म्हणतो. कानातला बारा अंकी बिल्ला पडला असेल तर तोही त्याच फेरीत लावून घ्या. शक्यतो सकाळी लवकर पोहोचा. दवाखान्याचा खोडा (जनावर अडकवून तपासायची चौकट) एकच असेल, तर दहानंतर म्हशींची रांग लागते आणि उन्हात उभी राहिलेली एचएफ धापा टाकायला लागते.