पडदा भिंतीवर सुंदर, फोटोत सपाट

(सांगलीहून एका आईने लिहिलं आहे: मुलगी यंदा बारावीला आहे, इंटरमिजिएटला चित्रकलेत ए ग्रेड. मामांच्या फोटो स्टुडिओसाठी तिने प्री-वेडिंगचा पडदा रंगवला: तळं, कमळं, चंद्र, वेलींची कमान. सगळ्यांनी कौतुक केलं, पण फोटोत जोडपं ‘चिकटवल्यासारखं’ दिसलं. मुलीला हेच काम करायचं आहे. हे करिअर म्हणावं का, आणि कोणता कोर्स?)

नमस्कार ताई,

कोर्सचं नंतर बोलू, आधी तो पडदा. तो का फसला हे लेकीला कळलं, तर निम्मं शिक्षण तिथेच झालं.

सोबतच्या फोटोत तळ्याची क्षितिजरेषा पडद्यावर सहा फुटांच्या आसपास आहे. तिने उभ्याने, डोळ्यांच्याही वर काढली असणार. मामा जोडप्याचा पूर्ण फोटो घेताना कॅमेरा साधारण साडेतीन फुटांवर धरतात. क्षितिज नेहमी लेन्सच्या उंचीला दिसतं. ते तिथे नसलं की पाणी आडवं न वाटता भिंतीसारखं उभं राहतं. रंग कितीही सुंदर असोत, डोळा फसत नाही.

दुसरी चूक अंतराची. जोडपं पडद्यापासून दोन फुटांवर उभं आहे, म्हणून नवरदेवाच्या फेट्याची सावली थेट आकाशावर पडली. त्यांना सात फूट पुढे घ्या. मग मापं बदलतात, आणि हा हिशेब तिला कागदावर करायला लावा. उभ्या फ्रेममध्ये पायापासून डोक्यापर्यंत जोडपं घ्यायचं, तर त्यांच्या जागी आठ फूट उंची आणि सव्वापाच फूट रुंदी लागते. कॅमेरा त्यांच्यापासून 14 फूट, पडदा त्यांच्या मागे 7 फूट, म्हणजे पडद्यापाशी ती रुंदी दीडपट होऊन आठ फूट भरते. दोन्ही बाजूंना फूटभर सोडलं की दहा फुटी पडदा पुरतो. तोच फोटो आडवा घेतला तर 18 फूट लागतात! पडद्याची कड फोटोत येते ती इथेच. शिवाय खोली किमान 24 फूट खोल हवी. मामांचा स्टुडिओ तेवढा नसेल, तर कमरेपर्यंतच्या फोटोंसाठीच पडदा करा, पूर्ण फोटोचा हट्ट नको.

याच हिशेबाने, सव्वापाच फुटांवरचा चेहरा पडद्यावर सहा फुटांच्या थोडा वर पडतो. तिने नेमका तिथेच कमळांचा गुच्छ आणि एक काळी फांदी काढली आहे, म्हणून नवरीच्या डोक्यातून फांदी फुटल्यासारखी दिसते. साडेपाच ते सात फुटांचा मधला पट्टा धूसर ठेवायचा. गर्द रंग आणि बारीक काम खाली आणि कडांना. दूरचे डोंगर फिके निळसर, मधली झाडी थोडी गडद. सगळ्यांत गडद आणि ठळक जे, ते रंगवूच नये: कमान खरी करावी, कापडी वेली लावून पडद्याच्या दोन फूट पुढे उभी करावी. ती पडद्यापासून सुटी उभी राहिली की चित्राला खोली आपोआप येते.

चंद्र डावीकडे आणि मामांचा मुख्य लाइट उजवीकडून, हेही जमत नाही. दोन्ही एकाच बाजूला हवेत. चंद्र खरोखर उजळायचा असेल तर तेवढं कापड कापून पातळ पांढरं कापड लावा आणि मागे सहा इंच अंतर सोडून एलईडी पट्टी. पट्टी चिकटवून लावली तर चंद्रावर ठिपके दिसतात.

फ्लेक्सवर छापून घेण्याची मामांची सूचना मोह पाडणारी आहे, पण फ्लेक्स चमकतो आणि फ्लॅशचा पांढरा डाग पडतो. मांजरपाट बरं. आधी धुऊन आटवून घ्यायचं, नाहीतर पहिल्या ओल्या हातालाच ते आकसतं. जोड आडवे शिवायचे: खालच्या कापडाच्या वजनाने शिवण ताणून बसते, उभी शिवण चुण्या पाडते. वर पाणी घातलेल्या फेविकॉलचा हात, मग पातळ मॅट रंग. जाड थर दिला की गुंडाळताना तडे जातात. पडदा घडी घालून ठेवायचा नाही, पीव्हीसी पाइपवर गुंडाळायचा. थर्माकोलची कामं असतील तर तेलाचा रंग किंवा थिनर जवळही नको, थर्माकोल विरघळतो.

हल्ली चंद्रकोरीच्या झोपाळ्याची फार मागणी आहे. दोघांचं वजन दीडशे किलोपर्यंत जातं, झोका घेताना ओढ त्याहून जास्त. सजावटीच्या पाइपला तो कधीही टांगू नये. चंद्रकोर जमिनीवर लोखंडी चौकटीत उभी करून आत बसायला फळी द्यावी. फोटोत फरक कळत नाही.

आता करिअरचं. पडदे रंगवणं तुमच्याकडे हलकं काम मानलं गेलेलं नाही. कोल्हापूरचे बाबुराव पेंटर सिनेमाकडे वळण्याआधी नाटकांचे पडदेच रंगवत होते. मात्र आज निव्वळ पडद्यांवर घर चालवणं अवघड. पडदा, सेट, प्रकाश आणि भाड्याने देणं असं एकत्र काम उभं राहतं. मुहूर्त तुळशीच्या लग्नानंतर सुरू होतात आणि चातुर्मासात थांबतात, म्हणून नवीन माल पावसाळ्यात करावा लागतो. तेव्हाच कापड वाळत नाही आणि बुरशी धरते. कोरडी जागा हा या धंद्याचा लपलेला खर्च आहे. दुसरा वाहतुकीचा: आठ बाय चारचा प्लाय छोटा हत्तीत फळकं उघडूनच बसतो, जिन्यात वळत नाही. तुकडे सहा फुटांचे करावेत. भाव ठरवताना सेट किती वेळा भाड्याने जाईल हे आधी धरायचं. चोवीस हजारांचा सेट बारा वेळा गेला तर फेरीमागे दोन हजार सुटायलाच हवेत, मग टेम्पो, हमाली आणि तिची मजुरी वेगळी.

शिक्षणात माझं मत बीएफएकडे, म्हणजे ललित कलेच्या पदवीकडे आहे. चार वर्षांच्या या पदवीला बारावीनंतर, राज्याच्या सीईटीतून प्रवेश मिळतो. पेंटिंग घेतलं तर रंगाचा हात पक्का होतो. पुढे पुण्याच्या एफटीआयआय या चित्रपट संस्थेत कला दिग्दर्शनाचा (म्हणजे सिनेमाचे सेट उभारण्याचा) तीन वर्षांचा अभ्यासक्रम आहे, पण त्याला पदवी लागते. सहा महिन्यांच्या डेकोरेशन कोर्समध्ये फुलं मांडायला शिकतील, लेन्स नाही.

तोवर परीक्षा झाली की तोच पडदा दुरुस्त करू दे. पांढरा रंग मारून नव्याने, क्षितिज साडेतीन फुटांवर. लाल शालू, हिरवी नऊवारी आणि मोतिया शेरवानी अशा तीन पोशाखांवर फोटो काढून बघावेत. हिरवी नऊवारी झाडीत हरवेल, तेव्हा झाडीचा रंग निळ्याकडे झुकवावा. आणि पडद्याच्या पाठीवर मार्करने लिहून ठेवावं: कॅमेरा 3.5 फूट, जोडपं 7 फूट पुढे, लाइट डावीकडून. भाड्याने नेणारा फोटोग्राफर दुसराच असतो.