पान उलटं करून बघा

*“ताई, चार वर्षांपूर्वी द्राक्षबागेच्या मांडवाच्या तारा ओढताना वरून पडलो. मानेचा मणका गेला. खांदे, कोपर थोडे हलतात, बोटं नाहीत. वय ३६. आई रात्री उठून कूस बदलते, बायको वेदना शेडवर जाते. ज्या पायांना काही कळत नाही तेच आग लागल्यासारखे जळतात, घरचे म्हणतात भास आहे. येईल तो मुरलीकांत पेटकरांचं उदाहरण देतो. यंदा डावणीची बुरशी आली ती भावाला कळलीच नाही, पान वरून बघतो, उलटं करत नाही, फवारणी चार दिवस उशिरा झाली. माझ्यामुळे घर अडकलंय. सकाळ होऊच नये असं वाटतं. कशासाठी जगायचं?”*
*– एक वाचक, तासगाव तालुका*

भाऊ, पत्र फोनला सांगून टाईप केलंय हे ‘वेदना शेड’वरून कळलं. बेदाण्याचं फोनने वेदना केलं. मी दुरुस्त करणार होते, मग ठेवलं तसंच.

आधी एक सरळ विचारते. सकाळ होऊ नये म्हणजे जीव संपवावा असं मनात येतं का? येत असेल तर पुढचं वाचू नका. बायकोला नाहीतर आईला हाक मारा आणि याच शब्दांत सांगा. रात्री त्यांना उठवणं जिवावर आलं तर १४४१६ हा टेलिमानसचा नंबर आहे. सरकारी, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात. पत्र लिहिलंत तसा फोनही बोलून लावता येतो.

पेटकरांचं म्हणाल तर माणूस मोठाच. आपल्याच पेठ-इस्लामपूरचे, १९६५च्या युद्धात गोळ्या खाल्ल्या आणि १९७२ला हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहून सुवर्णपदक आणलं. पण पोहायला त्यांचे हात चालत होते. खाटेशेजारी चहा पीत ही गोष्ट सांगणाऱ्या पाहुण्यांपैकी किती जणांनी पदक आणलंय, हेही एकदा विचारा.

पायांची आग भास नाही. मज्जारज्जूला इजा झाली की न जाणवणारा भागही जळतो, मुंग्या येतात, करंट बसल्यासारखं होतं. मज्जातंतूंचं दुखणं म्हणतात त्याला, आणि त्यावर वेगळी औषधं असतात, साध्या दुखण्यावरच्या गोळीने ते हलत नाही. मिरज तुमच्यापासून लांब नाही. मेंदूविकाराच्या डॉक्टरला हे दाखवा, आणि झोप, भूक, सकाळ नकोशी होणं हेही त्याच भेटीत सांगा. चार वर्षं रात्रंदिवस आग सोसणाऱ्या माणसाला जगणं नको वाटलं तर त्यातलं किती जगण्याचं आणि किती आगीचं, हे आग कमी झाल्याशिवाय ठरवता येत नाही.

आता ओझ्याचं. माझ्या मिस्टरांना अर्धांगवायू झाला, सहा वर्षं मी रात्री उठले. कंटाळा आला का? आला. एकदा चादर बदलता बदलता रडू फुटलं आणि त्यांना वाटलं, आपल्यामुळे. होतंच त्यांच्यामुळे. पण ‘झोप मिळू दे’ आणि ‘हा माणूस नको’ ही दोन वाक्यं माझ्या मनात कधी एक झाली नाहीत. ती एक त्यांनी केली, पडल्या पडल्या, मला न विचारता. तुम्ही तेच करताय. आईला विचारलंत का?

तिच्या झोपेचा प्रश्न मात्र खरा आहे आणि तो सोडवता येतो. हवेची गादी घ्या. तिने कूस बदलणं सुटत नाही, पण जखमांची धास्ती कमी होते. रात्रीची एक पाळी भावाकडे द्या. दिव्यांग कार्ड नसेल तर काढा. ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करावे लागतात. भावाला पाठवून ते कुठे खर्च झाले हे लेखी मागा. लेखी म्हटलं की कपाटं उघडतात.

कशासाठी जगायचं, याचं उत्तर माझ्याकडे नाही, आणि घाऊक भावात असलं उत्तर देणाऱ्यांपासून लांब राहा. पण तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. सगळीकडे आवाज मेलेला आहे, फक्त डावणीशी आला की चढतो. पान वरून बघतो, उलटं करत नाही! तिथे तुम्ही भावावर अक्षरशः ओरडलाय. बुरशी पानाच्या खालच्या अंगाला पांढरी दिसते हे मला माहीत नव्हतं, तुमच्या चिडण्यामुळे विचारून घेतलं. बागेला उपयोगी पडता म्हणून जगा, असं मी म्हणत नाही. उद्या बाग विकली तरी तुम्ही घरचेच. पण ही चीड कुठून आली ते बघा.

रोज संध्याकाळी भावाला चार ओळींतली चार पानं खाटेवर आणायला सांगा, तुमच्या डोळ्यांसमोर उलटी धरायला सांगा. तो कुरकुर करेल. करू दे. पुढच्या पत्रात तो काय म्हणाला ते लिहा, शिव्यांसकट. छापताना मी गाळीन.