गेरीचा गुलाल, सराफ्याचे दिवे आणि प्लगिनचा क्रम

इंदूरची रंगपंचमीची गेर (गुलाल उधळत निघणारी मिरवणूक) आणि सराफा या रात्रीच्या खाऊबाजारातली रात्र, दोन्हीकडचे फोटो संपादनानंतर मेणासारखे दिसतात, साइट सावकाश उघडते, तर आणखी एक प्लगिन-संच (प्लगिन म्हणजे सॉफ्टवेअरला किंवा साइटला जोडायचं पूरक साधन) घ्यावा का, असं तुम्ही विचारलंय. आत्ता काहीही विकत घेऊ नका. तुमच्याकडे आहे ते पुरेसं आहे, फक्त क्रम चुकतोय.

तुम्ही रंग, काँट्रास्ट, शार्पनिंग (कडा ठळक करणं) सगळं उरकून शेवटी नॉइज, म्हणजे फोटोतले नको असलेले दाणे, काढता. तोवर शार्पनिंगने प्रत्येक दाणा ठळक केलेला असतो. मग प्लगिन जोर लावतो आणि दाण्यांबरोबर त्वचेचा पोतही पुसून टाकतो. नॉइज रॉ फाइलवरच (कॅमेऱ्यातून आलेल्या, प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलवर) काढायचा, बाकी सगळं त्यानंतर. लाइटरूम या फोटो संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये २०२३ साली आलेलं एआय डीनॉइज त्यासाठीच आहे. त्याचा आकडा मात्र कमी ठेवा. सराफ्याच्या फोटोत थोडा दाणा राहिला तर काही बिघडत नाही.

गेरीच्या फोटोंबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण इंदूरचे बहुतेक फोटो इथेच बिघडतात. राजवाड्यासमोर हवेत उडणारा गुलाल हाच त्या फोटोचा विषय आहे. तुमचा प्रीसेट (आधीच ठरवून ठेवलेल्या सेटिंगचा संच) आधी पूर्ण चित्रावर डीहेझ, म्हणजे धूसरपणा काढणारं साधन, लावतो, म्हणजे तो नेमका गुलालच खातो! डीहेझ फक्त चेहऱ्यांवर मास्क करून (तेवढाच भाग निवडून) लावा, तेही हलक्या हाताने. दुसरी गोष्ट लाल चॅनलची. एकूण हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेड-अंधाराचा आलेख) ठीक दिसतो, पण लाल रंग एकटाच उजव्या भिंतीला टेकलेला असतो, आणि मग गुलालाच्या ढगातले उठाव जाऊन सपाट गुलाबी डाग उरतो. अशा वेळी सॅच्युरेशन (रंगाचा गडदपणा) वाढवणारा कुठलाही प्लगिन बंद ठेवा, लाल आणि मॅजेंटाचं सॅच्युरेशन थोडं उतरवा आणि लाइटरूमच्या डेव्हलप विभागात एस दाबून सॉफ्ट प्रूफिंगमध्ये (एक्स्पोर्टनंतर रंग कसे दिसतील याची झलक) एसआरजीबीत, म्हणजे वेबवर चालणाऱ्या नेहमीच्या रंगपट्ट्यात, काय उरतं ते पाहा.

सराफ्यात पिवळे बल्ब, पांढरे एलईडी आणि भट्टीची ज्योत एकाच चौकटीत येतात. एका क्लिकवाला रंगदुरुस्ती प्लगिन सगळ्यांची सरासरी काढतो आणि कुणाचाच रंग धड राहत नाही. कढईपाशी एक व्हाइट बॅलन्स (दिव्याच्या रंगानुसार केलेली रंगदुरुस्ती), मागच्या दुकानांना दुसरा, असे दोन मास्क करा. फोटोत आडवे पट्टे येत असतील तर ते दिव्यांच्या लुकलुकण्याचे आहेत. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. शटर १/१०० किंवा १/५० ठेवा आणि इलेक्ट्रॉनिक शटर टाळा. हे पट्टे नंतर काढणं फार जिकिरीचं काम आहे.

बाहेरच्या प्लगिनकडे फोटो पाठवला की लाइटरूम त्याची टिफ (मोठ्या आकाराच्या फाइलचा एक प्रकार) प्रत बनवतो. २४ मेगापिक्सेलची १६ बिट टिफ, कॉम्प्रेशनशिवाय, साधारण १४४ एमबीची होते. म्हणून निवडलेलेच फोटो पाठवा. इंदूरच्या कृष्णपुरा छत्र्यांच्या (दगडी स्मारकांच्या) दगडासाठी मला निक कलेक्शन या प्लगिन-संचातला, कृष्णधवल फोटोंसाठीचा सिल्व्हर एफेक्स आवडतो. गूगलने २०१६ मध्ये तो संच फुकट केला होता, पण २०१७ मध्ये तो डीएक्सओ या कंपनीकडे गेला आणि आता पैसे देऊनच मिळतो. जुनी फुकट प्रत भलत्या साइटवरून उतरवू नका. फुकटच हवं असेल तर गिंप या फुकट संपादन-सॉफ्टवेअरमधला जीमिक हा प्लगिन भरपूर देतो.

आता साइट. तुमची साइट ज्यावर चालते ते वर्डप्रेस २०१५ पासून स्क्रीननुसार छोटा-मोठा फोटो पाठवतो आणि २०२० पासून लेझी लोडिंगही (स्क्रोल करून जवळ आल्यावरच फोटो उघडणं) स्वतःच करतो. म्हणजे तुमचे ते दोन लेझी लोड प्लगिन काढून टाका. फोटो कॉम्प्रेस करणारा प्लगिन एकच ठेवा. तुम्ही जेपीजी ८० दर्जावर एक्स्पोर्ट करता, प्लगिन तो पुन्हा दाबतो, आणि त्याचा सगळ्यात मोठा फटका लाल रंगाच्या कडांना बसतो. एक्स्पोर्ट ९० च्या पुढे ठेवून दाबायचं काम प्लगिनवर सोडा, नाहीतर स्वतः दाबा आणि प्लगिन बंद करा. लांब बाजू २०४८ पिक्सेल पुरे. रंग एसआरजीबीतच हवेत, कारण काही कॉम्प्रेस करणारे प्लगिन रंगप्रोफाइल काढून टाकतात आणि मग अडोबी आरजीबीतला (एसआरजीबीपेक्षा मोठ्या रंगपट्ट्यातला) गुलाल फिका दिसतो.

एवढं करून सराफ्यातले चेहरे तसेच दिसले, तर एक रॉ फाइल आणि तुमच्या एक्स्पोर्ट सेटिंगचा स्क्रीनशॉट टाका. बघून सांगतो.