एका गावच्या शाळेचं कर्ज, मग मत अख्ख्या राज्याचं का?

एका गावच्या शाळेच्या कर्जाचा प्रश्न राज्यभरच्या बॅलटवर, म्हणजे मतपत्रिकेवर, का येतो, हा तुमचा प्रश्न बरोबर आहे, अमेरिकेत शाळेचं कर्ज फेडतात त्या गावचे लोक, प्रॉपर्टी टॅक्समधून, मग लांबच्या माणसाला कशाला विचारायचं? कारण एकच, काही राज्यांत कर्जाचा नियम राज्यघटनेत लिहून ठेवलाय आणि घटना बदलायची तर मत सहसा सगळ्यांचं लागतं. अलाबामात तर १९०१ च्या घटनेला ९०० च्या वर दुरुस्त्या झाल्या, त्यातल्या कितीतरी एकेका काउंटीपुरत्या, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागापुरत्या. तिथे दुरुस्ती स्थानिक ठरवताना सभागृहात एकानेही विरोध केला की मतदान राज्यभर.

मी न्यूयॉर्क राज्यात राहतो, आमच्याकडे नोव्हेंबर २०२३ ला प्रपोझल १ नावाची घटनादुरुस्ती मतदानाला होती. तोवर सव्वा लाख लोकवस्तीच्या आतल्या शहरांच्या शाळांना, म्हणजे इथाका, व्हाइट प्लेन्स वगैरे, गावातल्या मालमत्तेच्या किमतीच्या ५ टक्केच कर्ज काढता यायचं, बाकीच्या बहुतेक स्कूल डिस्ट्रिक्टना (शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थांना) १० टक्के; ही वेगळी मर्यादा काढायची होती. ५ च्या वर जायचं तर ६० टक्के मतं, वर राज्याची परवानगी. म्हणजे छप्पर गळतंय, बॉयलर बदलायचाय, तरी शेजारच्या गावापेक्षा निम्मीच मर्यादा, आणि हे केवळ आपली शाळा छोट्या शहरात आहे म्हणून! मला हा सरळ अन्याय वाटत होता. पास झालं ते, पण प्रश्न बॅलटच्या मागच्या बाजूला छापलेला, कित्येक जण पान उलटतच नाहीत याचं फार वाईट वाटतं.

आता रिफायनान्स, म्हणजे कमी व्याजाने पैसे उचलून जुनं कर्ज फेडणं, म्हणाल तर ते वेगळं, त्यात कर्जात भर पडत नाही. समजा २ कोटी डॉलरचे बाँड, म्हणजे कर्जरोखे, ५ टक्क्यांनी काढलेत आणि आता ३ ने मिळतायत, तर वर्षाचं व्याज १० लाखांवरून ६ लाखांवर येतं, ४ लाखात किती शिक्षकांचे पगार निघतात बघा. आपल्या होम लोनसारखंच, फक्त बाँड मुदतीआधी कधी फेडता येतील ते आधीच ठरलेलं असतं, बऱ्याचदा १० वर्षांनी, आणि २०१७ च्या टॅक्स कायद्यानंतर त्या तारखेच्या खूप आधी टॅक्स-फ्री बाँड काढून जुने फेडायची सोयही गेली.

त्यामुळे तुमच्या बॅलटवर असं काही आलं तर गाव लांबचं आहे म्हणून कोरं सोडू नका प्लीज, कारण त्या गावच्या लोकांच्या हातात एकट्याने काहीच नाहीये. रिफायनान्सचा प्रश्न असेल तर मजकुरात दोन गोष्टी बघा, मुद्दल वाढतंय का आणि मुदत लांबतेय का. दोन्ही नसेल तर मी बिनधास्त हो म्हणतो. हप्ता कमी दाखवायला मुदत दहा-पंधरा वर्षं ताणत असतील तर मात्र माझं मत नाही.