काट्यावर एक, कागदावर एक

वाचक विचारतात. या वेळी वाहतूक धंद्यातल्या लोकांची पत्रं जास्त आली, त्यातली चार घेतलीत. मी स्वतः काही वर्षं डिस्पॅचच्या टेबलावर काढलीत, त्यामुळे एखाद्या उत्तरात जरा चिडचिड दिसली तर समजून घ्या.

प्रश्न : मी ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात लोडिंग बघतो. गाडीच्या पासिंगपेक्षा, म्हणजे परवानगीच्या वजनापेक्षा, दोन-अडीच टन माल जादा भरायला मालक सांगतात आणि कागदावर मात्र बरोब्बर पासिंगचं वजन. सही माझी. ड्रायव्हर गप्प, माल पाठवणारी पार्टी खुश. सगळेच करतात म्हणून मीही करत राहायचं का? नोकरी सोडायची हिंमत नाही.

उत्तर : दादा, नोकरी सोडा असं मी म्हणणार नाही, सांगणाऱ्याचं काय जातं. पण आधी त्या सहीबद्दल बोलू, कारण जादा भरणं ही एक गोष्ट आणि ते लपवायला कागद खोटा करणं ही दुसरी, आणि दुसरी तुमच्या नावावर होतेय.

दोन-अडीच टनाने काय होतं असं वाटतं ना, मलाही वाटायचं. १९५८ ते ६० मध्ये अमेरिकेत इलिनॉयमध्ये मुद्दाम रस्ते बांधून त्यावर ट्रक फिरवून फिरवून एक मोठी चाचणी केली होती, त्यातून निघालं की रस्त्याचं नुकसान साधारण एक्सलवरच्या, म्हणजे चाकांच्या आसावरच्या, वजनाच्या चौथ्या घाताने वाढतं. म्हणजे १० टनाच्या एक्सलवर १२ टन टाकले तर वजन वाढलं २० टक्के आणि रस्त्याची झीज झाली दुप्पट. भाड्याचा फायदा मालकाला आणि खड्डा सगळ्यांना, ज्यांनी त्या मालातलं काही विकत घेतलं नाही त्यांनासुद्धा. आणि ब्रेक तर वेगळाच विषय, उतारावर ड्रम तापले की जादा टनाचा हिशोब तिथे होतो. कधी भरलेल्या गाडीच्या मागे जाऊन बघा, कमानपाटे सरळ झालेले असतात आणि जोडटायरच्या कडा खाली फुगून एकमेकांना घासायला आलेल्या असतात, कागद काय म्हणतो ते पाट्यांना माहीत नसतं.

हे दुखणं जुनं आहे बरं का. इंग्लंडमध्ये जहाजं इतकी ठासून भरायचे, वर भरपूर विमा, की बुडालं तरी मालकाचं नुकसान नाही, खलाशी गेले तर गेले. सॅम्युएल प्लिमसॉल नावाचा खासदार यासाठी वर्षानुवर्षं भांडला तेव्हा कुठे १८७६ मध्ये जहाजाच्या अंगावर लोडची रेघ, म्हणजे भरलेलं जहाज कुठवर पाण्यात गेलं तर चालेल ते दाखवणारी खूण, मारायची सक्ती झाली. पण गंमत बघा, रेघ कुठे मारायची हे मालकानेच ठरवायचं! ती जागा कायद्याने पक्की व्हायला १८९० उजाडलं. आणि रेघ पक्की झाल्यावरही पळवाट निघतेच. २०१४ मध्ये दक्षिण कोरियात सेवॉल फेरीबोट उलटून ३०४ माणसं गेली, त्यात बरीच शाळेची मुलं, तिच्यात परवानगीच्या जवळपास दुप्पट माल होता आणि रेघ पाण्याखाली जाऊ नये म्हणून तळाचं बॅलास्टचं पाणी कमी केलेलं, म्हणजे जे जहाजाला सरळ ठेवतं तेच काढून टाकलं. तुमच्या खोट्या कागदाची जात हीच.

आता करायचं काय. वजनकाट्यावर चढवल्याशिवाय गाडी सोडू नका आणि काटापावतीवर आहे तोच आकडा लिहा. मालक म्हणाले बदल, तर शांतपणे म्हणा की साहेब, मेसेज टाका, मी तसं लिहितो. बहुतेक लोक मेसेज टाकत नाहीत, तोंडी सांगताना जोर असतो तेवढा लिहिताना नसतो. पावत्यांचे फोटो स्वतःकडे ठेवा. आणि माल पाठवणाऱ्या पार्टीला एकदा मेलवर खरं वजन कळवून बघा, कारण स्वस्त भाडं त्यांनाच हवं असतं. ऑस्ट्रेलियात २०१४ पासून बहुतेक राज्यांत लागू असलेल्या अवजड वाहनांच्या कायद्यात जबाबदारीची साखळीच धरलीय, माल पाठवणारा, भरणारा, वेळापत्रक लावणारा, सगळे त्यात येतात. मला हे एकदम पटतं, कारण एकट्याने प्रामाणिक राहिलं तर भाडं महाग पडून काम शेजारच्याकडे जातं हे खरंच आहे.

प्रश्न : माझे मिस्टर लांब पल्ल्याचे ड्रायव्हर. पैसे फेरीवर मिळतात म्हणून झोप न घेता गाडी मारतात. मी बोलले की म्हणतात, सवय आहे.

उत्तर : ताई, न झोपण्याची सवय होत नसते, फक्त आपल्याला झोप येतेय हे कळायचं बंद होतं. १९९७ मध्ये झालेल्या एका अभ्यासात सलग १७ तास जागलेल्या माणसाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतकी घसरलेली दिसली. दारू पिऊन चालवायला तुम्ही त्यांना सोडाल का? पण त्यांच्याशी भांडून उपयोग नाही, दोष फेरीवरच्या पैशाचा आहे. युरोपात साडेचार तास चालवलं की ४५ मिनिटं थांबायलाच लागतं, दिवसाला साधारण ९ तास, आणि किलोमीटरवर किंवा मालावर पैसे देऊन रस्त्यावरची सुरक्षा धोक्यात येत असेल तर तशी पद्धतच चालत नाही. तरी तिथेही गाडी किती वेळ चालली ते नोंदवणाऱ्या यंत्राला फसवायला गिअरबॉक्सच्या सेन्सरवर लोहचुंबक चिकटवणारे सापडतात, गाडी पळत असते आणि यंत्र लिहितं, विश्रांती! आणि आपल्याकडे उशीर झाला की ऑफिसातून दर अर्ध्या तासाला फोन, कुठे पोचलास कुठे पोचलास, तो फोन मीही केलाय आणि त्याची लाज वाटते. मिस्टरांना सांगा चार-पाच जणांनी मिळून मालकाकडे महिन्याचा पक्का पगार मागा, एकट्याने मागितला तर दुसरा ड्रायव्हर बघतो म्हणतील.

प्रश्न : मोठा पाऊस किंवा काही गडबड झाली की कॅबचं ॲप भाडं दुप्पट-तिप्पट करतं. ही लूट नाही का?

उत्तर : रोजच्या गर्दीत भाडं वाढलं तर त्याने जास्त गाड्या रस्त्यावर येतात, त्याला मी लूट म्हणणार नाही. संकटात मात्र म्हणेन. २०१४ च्या डिसेंबरमध्ये सिडनीत कॅफेत लोकांना ओलीस धरलं, त्या भागातून बाहेर पडायला लोक धावले आणि उबरचं भाडं आपोआप चढलं, ओरड झाल्यावर फुकट फेऱ्या दिल्या, पैसेही परत केले. मशीनने केलं म्हणतात, पण मशीनला वरची मर्यादा घालायची नाही हे माणसानेच ठरवलेलं असतं. ड्रायव्हरवर ओरडू नका एवढंच, भाडं त्याच्या हातात नसतं.

प्रश्न : मी मेकॅनिक. युरियाची सिस्टिम बंद करून इंजिनला फसवणारा डबा बसवून द्या अशी गिऱ्हाइकं मागणी करतात. मी नाही बसवला तर शेजारचा बसवतो.

उत्तर : शेजाऱ्याला बसवू दे. ती सिस्टिम डिझेलच्या धुरात युरियाचं पाणी फवारून त्यातले नायट्रोजनचे ऑक्साइड, म्हणजे विषारी वायू, मारायला असते, ती बंद केली तर गाडी पळते छान, त्रास मागच्यांच्या फुप्फुसांना. फोक्सवॅगनने हेच सॉफ्टवेअरने केलं, टेस्टिंगला गाडी लावली की स्वच्छ आणि रस्त्यावर उतरली की घाण, २०१५ मध्ये उघड झालं तेव्हा जगभरात सुमारे १ कोटी १० लाख गाड्या निघाल्या. त्यात २०१७ मध्ये अमेरिकेत एका इंजिनिअरला ४० महिन्यांची कैद झाली, तोही कंपनीतला नोकरदारच, मालक नव्हे. आणि एक बघा, युरिया नको म्हणणाऱ्या निम्म्या गिऱ्हाइकांची खरी तक्रार सेन्सर सारखा एरर देतो ही असते. आधी नोझल साफ करा, युरिया भेसळीचा आहे का तपासा, टाकीच्या तोंडाशी पांढरे खडे जमलेत का बघा. डबा मागायला आलेला माणूस बऱ्याचदा तेवढ्यावरच गाडी घेऊन जातो.