हालचाल दिसली की गीझर चालू होईल असं सर्किट घरी करता येईल का? (ठाणे, २ बीएचके, १५ लिटरचा गीझर)

येईल, पण सेन्सर बाथरूममध्ये लावू नका. १५ लिटर पाणी २५ वरून ५० अंशांवर न्यायला २ किलोवॉटच्या कॉइलला साधारण १३ मिनिटं लागतात. तुम्ही आत शिरल्यावर गीझर सुरू झाला तर काय उपयोग? शिवाय गरम वाफेने पीआयआर (शरीराच्या उष्णतेवरून हालचाल ओळखणारा) सेन्सर उगाच ट्रिगर होऊ शकतो. बेडरूमबाहेरच्या पॅसेजमध्ये लावा आणि पहाटे ५ ते ८ एवढ्याच वेळात तो गीझर चालू करू शकेल असं बघा. नाहीतर दिवसभर घरातली ये-जा बघून बिल फुगेल.

सेन्सर म्हणून एचसी-एसआर५०१ हे पीआयआर मॉड्यूल पुरेसं आहे. त्याचा स्वतःचा टायमर जेमतेम काही मिनिटांचा असतो, म्हणून गीझर २० मिनिटं चालू ठेवायची मोजणी अर्डुइनो नॅनो या प्रोग्रॅम करता येणाऱ्या छोट्या बोर्डवर करा. ५ ते ८ ची वेळ कळायला डीएस३२३१ हे घड्याळाचं मॉड्यूल जोडा.

खरी गोम रिलेत, म्हणजे बोर्डच्या इशाऱ्यावर वीज चालू-बंद करणाऱ्या स्विचमध्ये आहे. २ किलोवॉट म्हणजे २३० व्होल्टला जवळपास ९ अँपिअर. निळ्या छोट्या रिलेवर '१० अँपिअर' छापलेलं असतं, पण त्यावर रोज गीझर चालवणं मला पटत नाही. तो तापतो, कॉन्टॅक्ट चिकटतात. त्या रिलेने फक्त २५ अँपिअरच्या कॉन्टॅक्टरची (मोठ्या लोडसाठीचा दणकट रिले) कॉइल चालवा, गीझरचा लोड कॉन्टॅक्टरवर टाका.

गीझरचा थर्मोस्टॅट आणि थर्मल कटआउट (जास्त तापल्यास वीज तोडणारा भाग) कुठल्याही परिस्थितीत बायपास करू नका. ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) आणि नीट अर्थिंग हवंच. २३० व्होल्टची बाजू वायरमनकडून करून घ्या.

आणि हो, खोली तापवायच्या हीटरला हे जोडायचा विचार असेल तर तो सोडा. पडदा किंवा गादी जवळ असताना आपोआप पेटणारा हीटर धोक्याचा, आणि ठाण्यात त्याची गरज तरी किती?